शाळेतला छळ थांबवणे : एक सेवा, एक व्यवसाय

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



समितीने मला 'दहावी-बारावीनंतर पुढे काय?' हा विषय दिला. या विषयावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतेच. इंजिनिअरिंग, नर्सिंग, बँकेच्या परीक्षा, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा यांची माहिती तुम्हाला मिळते आणि ती मिळालीच पाहिजे. मी मात्र आज मुद्दाम एका वेगळ्या क्षेत्राविषयी बोलणार आहे. करिअर मार्गदर्शनाच्या तक्त्यावर त्याचे नाव सहसा नसते. शाळेत मुले मुलांना जो त्रास देतात तो थांबवण्याचे काम काही संस्था करतात. त्या संस्थांतल्या नोकऱ्या, त्यासाठी लागणारे शिक्षण आणि त्यातल्या अडचणी मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. मी स्वतः समाजकार्याचे शिक्षण घेऊन शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. त्यामुळे हे क्षेत्र मला आतून ठाऊक आहे.

आधी त्रास म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. दोन मित्र मधल्या सुट्टीत भांडले, एकमेकांची कॉलर धरली आणि दुसऱ्या दिवशी एका डब्यात जेवले, याला कोणी छळ म्हणत नाही. इंग्रजीत ज्याला बुलिंग म्हणतात त्याची अभ्यासकांनी तीन लक्षणे सांगितली आहेत. तो त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि देणाऱ्याची ताकद सोसणाऱ्यापेक्षा जास्त असते. आता ताकद म्हणजे नुसती दंडाची ताकद समजू नका. संख्या ही ताकद आहे. फाडफाड इंग्रजी बोलता येणे ही ताकद आहे. वडिलांचा हुद्दा ही ताकद आहे. आणि आपल्या देशात जात ही फार मोठी ताकद आहे. आपण मात्र चिडवणे, टिंगल, दादागिरी, वाळीत टाकणे असे तुकड्यातुकड्याने बोलतो आणि शेवटी 'पोरं आहेत, चालायचंच' म्हणून विषय मिटवतो. युनेस्कोने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला मागच्या महिनाभरात कधी ना कधी बरोबरच्या मुलांकडून असा त्रास झालेला होता. इतक्या मुलांना ताप आला असता तर आपण साथ आली म्हणून धावपळ केली असती!

आपल्या मुलांच्या वाट्याला येणारा त्रास कसा असतो, हे या सभागृहात वेगळे सांगायला नको. तरी एक उदाहरण देते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात. वर्गात नावे पुकारली जातात, 'ज्यांची नावं घेतली त्यांनी उभं राहा.' बाईंच्या मनात काही वाईट नसते, त्यांना कागद वेळेत पाठवायचे असतात. पण मधल्या सुट्टीत त्या उभे राहिलेल्या मुलांना 'फुकटे' असे नाव पडते आणि ते वर्षभर चिकटते. पहिला नंबर आला तरी 'तुला काय, सवलत आहे' असे ऐकावे लागते. आठवीतला एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मला स्कॉलरशिप नको. माझं नाव तेवढं वर्गात वाचू नका." बघा, घरात पैशाची नड असताना हे पोर हक्काचे पैसे सोडायला तयार होते, फक्त चाळीस जणांसमोर उभे राहायला लागू नये म्हणून.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत बसायला वेगळे गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय तहान भागत नसे, हे आपण सर्व जाणतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंगही चरित्रकारांनी लिहून ठेवला आहे. शिक्षकांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याकडे बोलावले आणि वर्गातली मुले फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे उचलायला धावली. गोणपाट ही मोठ्यांनी घातलेली रीत होती. डबे मात्र मुलांनी उचलले. मोठ्यांची रीत मुले न शिकवता शिकतात, हे त्यातून कळते. मला तो प्रसंग वाचताना नेहमी एकच प्रश्न पडतो. त्या क्षणी भीमरावांच्या बाजूला कोण उभे होते? आज आपण ज्या कामाविषयी बोलतो आहोत ते सगळे या एका प्रश्नात आहे.

हे काम जगात उभे कसे राहिले, तेही थोडक्यात सांगते. डॅन ओल्वेउस नावाचे मूळ स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून या प्रश्नाचा अभ्यास करीत होते. पुढे ते नॉर्वेतील बर्गन येथे काम करू लागले. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केली. बरोबरच्या मुलांचा जाच हे त्यामागचे कारण असावे असे समोर आले आणि देश हादरला. १९८३ मध्ये सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. ओल्वेउस यांनी बर्गनच्या ४२ शाळांतील सुमारे २५०० विद्यार्थ्यांचा अडीच वर्षे पाठपुरावा केला. नाव न लिहिता भरायच्या प्रश्नावलीतून त्यांनी त्रास मोजला. मधल्या सुट्टीत मैदानावर मोठ्यांची देखरेख, वर्गात ठरवलेले साधे नियम आणि पालकांशी बोलणे, अशा उपायांनी तो जवळपास निम्म्यावर आला. तेव्हापासून 'चालायचंच' म्हणायला जागा उरली नाही. हे थांबवता येते आणि किती थांबले तेही मोजता येते, हे सिद्ध झाले.

त्यानंतर फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना सालमिवाल्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. छळाच्या वेळी तिथे दोघेच नसतात. कोणी हात धरायला मदत करतो, कोणी हसून दाद देतो, बरेच जण मान फिरवतात आणि एखादाच मध्ये पडतो. हसणाऱ्यांनी हसणे थांबवले तर दादागिरी करणाऱ्याचा निम्मा जोर ओसरतो. याच विचारावर 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो फिनलंडच्या शाळांत देशभर सुरू झाला. ब्रिटनमध्ये किडस्केपसारखी संस्था १९८० च्या दशकापासून या कामात आहे आणि अनेक संस्थांना एकत्र आणणारी अँटी-बुलिंग अलायन्स २००२ साली स्थापन झाली. तिकडे या एकाच विषयावर पगारी काम करणारी माणसे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे झाले परदेशाचे, आमच्याकडे काय? खरे आहे. आपल्याकडे केवळ याच विषयाला वाहिलेल्या संस्था फार थोड्या. पण बालहक्क, मानसिक आरोग्य आणि शिक्षण या तीन क्षेत्रांतल्या संस्थांमध्ये हे काम आहे आणि ते वाढते आहे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून चाइल्डलाइनचा १०९८ हा फोन सुरू झाला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेमार्फत चालतो आणि ११२ शी जोडला गेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली. महाराष्ट्रात २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायच्या ठरल्या.

तामिळनाडूत ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. मध्ये पडलेल्या त्याच्या बहिणीलाही त्यांनी सोडले नाही. त्यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली. जून २०२४ मध्ये तिचा अहवाल आला. जातीच्या रंगाचे मनगटपट्टे बंद करा, हजेरीपटावर जात लिहू नका, शिष्यवृत्तीची माहिती मुलाला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून स्वतंत्रपणे द्या, अशा शिफारशी त्यात आहेत. माझा तो आठवीतला मुलगा जे मागत होता तेच हे! पाचशेहून अधिक विद्यार्थी असलेल्या माध्यमिक शाळांत शाळा कल्याण अधिकारी नेमावा, अशीही एक शिफारस आहे. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि छळाची व जातीवरून होणाऱ्या भेदभावाची तक्रार गुप्तपणे करता यावी, असे त्यात म्हटले आहे. कागदावरचा आदेश आणि शाळेतली खुर्ची यांत अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण खुर्च्या तयार होणार आहेत. त्या खुर्चीत बसणारा माणूस कोण असेल, हा आपला प्रश्न आहे.

या क्षेत्रात कामे कोणकोणती असतात? पहिले काम शाळेतल्या समुपदेशकाचे. लोकांना वाटते, दोन्ही मुलांना समोरासमोर बसवायचे आणि 'हात मिळवा, आता भांडू नका' म्हणायचे. ही पद्धत इथे उलटते. ताकद सारखी नसते, म्हणून सोसणारे मूल सगळ्यांसमोर 'काही नाही झालं' म्हणते आणि बाहेर गेल्यावर दुप्पट सोसते. म्हणून आधी त्या मुलाचे एकट्याचे ऐकायचे. मग त्रास देणाऱ्यांना एकेकट्याने भेटायचे, कारण घोळक्यातला शूर एकटा असला की वेगळे बोलतो. वर्गातल्या दोन-तीन समजूतदार मुलांना विश्वासात घेऊन त्या मुलाच्या शेजारी बसायला सांगायचे. आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा सगळ्यांना भेटायचे. हे पुन्हा भेटणे बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि खरे काम तिथेच असते.

दुसरे काम हेल्पलाइनवरचे. १०९८ आहे, ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ आहे. इथे आवाजावरून माणूस ओळखायचा असतो. काही मुले फोन लावून नुसती गप्प बसतात. तो फोन न ठेवता धीराने थांबणे हे शिकून येणारे कौशल्य आहे. तिसरे काम प्रशिक्षकाचे : शिक्षकांची शिबिरे, वर्गातली सत्रे, पालकसभा, पथनाट्य, बाहुल्यांचे खेळ. ज्या समाजाने आंबेडकरी जलसा उभा केला त्या समाजातल्या मुलामुलींना हे शिकवावे लागणार नाही. चौथे काम कायद्याचे. शिक्षण हक्क कायदा, २०१२ चा पॉक्सो, २०१५ चा बाल न्याय कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, हे जाणणारा आणि बालहक्क आयोगापुढे अर्ज नीट मांडणारा वकील संस्थांना हवा असतो. पाचवे काम नोंदी आणि पाहणीचे, म्हणजे प्रश्नावल्या तयार करणे, आकडे मांडणे, अहवाल लिहिणे. आणि सहावे काम कार्यालयाचे. हिशेब ठेवणारा बी.कॉम.चा विद्यार्थी, संगणकावर नोंद करणारी मुलगी, निधीसाठी प्रस्ताव लिहिणारा माणूस, यांच्याशिवाय कुठलीच संस्था चालत नाही. तेव्हा 'मला बोलता येत नाही, माझ्यासाठी इथे काय?' असे कोणी म्हणू नये.

शिक्षण कोणते घ्यावे? बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्र घेऊन बी.ए., आणि पुढे एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्रात एम.ए., हा सरळ मार्ग. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था आहे, तिचा तुळजापूरला परिसर आहे. मुंबईतच निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात मातृ सेवा संघाचे व तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे. शिक्षकांसाठी एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. दोन दिवसांत 'प्रमाणित समुपदेशक' करून देणाऱ्या जाहिरातींना मात्र भुलू नका. दुसऱ्याच्या लेकराच्या मनाला हात घालायचा तर देखरेखीखाली केलेले क्षेत्रकार्य पाहिजे.

आता पैशाची गोष्ट. ती लपवून मार्गदर्शन करणे मला पटत नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो. त्यात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, लेखापाल, क्षेत्र कार्यकर्ता अशी पदे आहेत. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत समुपदेशकाला महिना तेवीस हजारांच्या आसपास, सामाजिक कार्यकर्त्याला साडेअठरा हजारांच्या आसपास आणि क्षेत्र कार्यकर्त्याला दहा-साडेदहा हजार असे मानधन धरले होते. पदे कंत्राटी. खासगी संस्थांत प्रकल्पाचा निधी संपला की नोकरी संपते. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. पण तो पैसा कधी या विषयाकडे वळतो, कधी दुसऱ्या.

एक आई मला म्हणाल्या, "ताई, आम्ही पोटाला चिमटा घेऊन पोरीला शिकवलं, ते काय दहा-वीस हजारांच्या कंत्राटासाठी?" त्यांचे म्हणणे चूक नाही. ज्या घरात पहिला पगार म्हणजे धाकट्या भावाची फी असते, त्या घराला 'सेवा करा' असे सांगायचा अधिकार कुणालाही नाही. म्हणून माझे सांगणे असे. पदवीबरोबर हाताशी दुसरा आधार ठेवा. बी.एड. करा, सरकारी परीक्षांचे अर्ज भरत राहा, स्वयंसेवक म्हणून सुट्टीत काम करून बघा. मुलाखतीला गेलात तर संस्थेलाही चार प्रश्न विचारा. नेमणूक लेखी आहे का? मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी धोरण आहे का? आमच्या कामावर देखरेख करणारे अनुभवी माणूस आहे का? प्रकल्प किती वर्षांचा आहे? जी संस्था या प्रश्नांचा राग मानते तिथे मुलांच्या तक्रारीही ऐकल्या जात नसतील, असे समजा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलते. 'मी लहानपणी सोसलंय, म्हणून मी हे काम करू शकतो,' असे बरेच तरुण मला सांगतात. सोसणे ही पात्रता नव्हे. आपली जखम ओली असेल तर समोरच्या मुलाचे ऐकता ऐकता आपण आपलेच बोलू लागतो. त्रास देणाऱ्या मुलाविषयी मनात सूड येतो. आणि तोही मूलच आहे, त्याच्या घरात काय चालले आहे तेही पाहायचे असते. त्यासाठी अभ्यास लागतो, वरिष्ठांपाशी मन मोकळे करावे लागते. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नुसत्या पुस्तकातून आलेल्या समुपदेशकाला 'फुकटे' या शब्दाचा चटका कळत नाही. मूल 'पोट दुखतंय, शाळेत जात नाही' म्हणते तेव्हा ती शिष्यवृत्तीच्या यादीची तारीख आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. आडनाव विचारल्यावर मूल का घुटमळते, हे त्याला सांगावे लागते. म्हणून वस्तीतून आलेला आणि नीट शिकलेला, असा माणूस त्या खुर्चीत हवा. दोन्ही गोष्टी एका माणसात हव्यात.

आणि आपल्या दारातही पाहा. तोतरे बोलणाऱ्या पोराची नक्कल आपल्याही गल्लीत होते. काळ्या मुलीला नावे ठेवली जातात, पालावर राहणाऱ्या मुलांना खेळायला घेत नाहीत, व्हॉट्सअॅपवर कुणाचा तरी फोटो फिरवून हसतात. ज्यांनी अपमानाची चव घेतली त्यांनी तो दुसऱ्याच्या ताटात वाढू नये. हे काम शिकायला पदवीची वाट पाहायची गरज नाही. उद्या वर्गात कोणी कुणाला चिडवत असेल तर हसू नका, आणि मधल्या सुट्टीत त्या मुलाशेजारी डबा घेऊन बसा. एवढे ज्याला जमले त्याचे पहिले क्षेत्रकार्य झाले असे मी मानीन.

विहार समितीला माझी एक विनंती आहे. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, तो कराच. त्याबरोबर समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्या निदान एका मुलीच्या किंवा मुलाच्या फीचा वाटा समितीने उचलावा आणि रविवारी विहारात तासभर मुलांचे ऐकून घेण्यासाठी प्रशिक्षित माणूस बसवावा. तथागतांनी सम्यक आजीविका सांगितली. दुसऱ्याचे दुःख कमी करून मिळवलेली भाकरी त्यात नक्कीच बसते. फक्त ती भाकरी पोटभर असावी, यासाठीही आपण समाज म्हणून भांडले पाहिजे.

पुस्तकांची आणि महाविद्यालयांच्या प्रवेशाची माहिती ज्यांना हवी असेल त्यांनी कार्यक्रमानंतर जरूर भेटावे. मी थांबणार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!